वाचकांचे प्रश्न : घरबसल्या काम, तेही लवकर

प्रश्न : मी बी.कॉम. आहे. लग्नाआधी एका दुकानात टॅली या सॉफ्टवेअरवर हिशेब लिहायचे, २०१५ मध्ये ते सोडलं. आता मुलगी शाळेत जाते, सकाळी नऊ ते बारा मोकळी असते. घरी लॅपटॉप आहे. ऑनलाइन काम लगेच कुठं मिळेल?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, मोबाइलवरच्या जाहिराती बाजूला ठेवा आणि हातात आहे त्या कामाकडं आधी बघा. मासिक विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३बी (कर भरायचं विवरण) २० तारखेपर्यंत जावं लागतं. त्यामुळं महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत करसल्लागारांकडं बिलांचा ढीग पडतो आणि नोंदी घ्यायला माणसं कमी पडतात. बिलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यायचे आणि एनीडेस्कवरून (दुसरा संगणक लांबून चालवायचं सॉफ्टवेअर) त्यांच्याच ऑफिसातल्या संगणकावर नोंद करायची, असं हे काम घरून होतं. टॅलीचा परवाना तुम्हाला विकत घ्यावा लागत नाही.

मात्र तुमचं टॅली जीएसटीच्या आधीचं आहे. हा कर १ जुलै २०१७ ला आला. आठ-दहा दिवस सराव कराच. टॅलीप्राइम ही टॅलीची नवी आवृत्ती एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालते. त्यात महिन्यातल्या मोजक्याच तारखांच्या नोंदी घेता येतात, पण शिकायला तेवढं पुरतं.

कोल्हापुरात हमखास चूक होते ती राज्याच्या बाबतीत. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे : महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. निपाणी-बेळगाव आपल्याला घरचंच वाटतं, पण तिथून इथं आलेल्या मालाच्या बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर) लागतो. घाईत तो सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या व्यवहाराचा कर) म्हणून टाकला की १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर येणाऱ्या २बीशी (विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीशी) मेळ बसत नाही आणि २० तारखेच्या तोंडावर एकेक बिल पुन्हा उघडावं लागतं. बिल क्रमांकही छापलाय तसाच, तिरप्या रेघेसकट लिहा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे दर बहुतेक वस्तूंवरून गेले, तरी टॅलीतल्या जुन्या आयटम मास्टरमध्ये (वस्तूंच्या यादीत) ते तसेच पडून असतात. बिलावरचा कर आणि टॅलीनं काढलेला कर जुळल्याशिवाय पुढच्या बिलाला हात लावू नका.

शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, उद्यमनगर भागातल्या पाच-सहा करसल्लागारांना फोन करा, पण २१ तारखेनंतर. त्याआधी त्यांना बोलायला उसंत नसते. घड्याळ लावून ५० बिलं करून बघा, किती वेळ लागतो ते मोजा आणि त्यावरून दर बिलाचा भाव सांगा. महिन्याला ठोक रक्कम सुरुवातीला ठरवू नका. दिवाळीत बिलं दुप्पट होतात, पैसे तेवढेच राहतात. आणि व्यापाऱ्याची बिलं घरच्या फोनमध्ये साठवू नका, काम झालं की पुसून टाका. या धंद्यात पुढचं काम विश्वासावरच मिळतं.

प्रश्न : टेलिग्रामवर हॉटेलांना रिव्ह्यू द्यायचं काम मिळालं. तीन टास्कचे १५० रुपये खात्यात आले. आता ‘प्रीपेड टास्क’साठी ५,००० भरा, ६,५०० परत मिळतील म्हणतात. भरू का?
– एक विद्यार्थी, कागल

उत्तर : एक रुपयाही भरू नकोस. ते १५० रुपये तुझा विश्वास बसावा म्हणूनच दिलेले आहेत. ५,००० भरलेस की स्क्रीनवर ६,५०० दिसतील, पण काढायला गेलास की ‘टास्क चुकला, आता २०,००० भरा’ असं सुरू होईल. अडकलेले पैसे सोडवायला माणूस आणखी भरतो, आणि हा सापळा त्यावरच चालतो. ग्रुपमध्ये ‘मला मिळाले’ म्हणणारी मंडळी त्यांचीच असतात.

पैसे गेलेच असतील तर याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरायच्या आत कळवलं तरच ती रोखता येते. १२ अंकी यूपीआय व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेव, चॅट पुसू नकोस. बँकेलाही कळव. ‘तुझं खातं वापरायला दे, कमिशन देतो’ याला तर कधीच होकार देऊ नकोस. चोरीचा पैसा तुझ्या खात्यातून फिरला की खातं गोठतं आणि पोलीस आधी तुझ्याच दारात येतात.

‘डेटा एंट्री’च्या नावाखाली नोंदणी शुल्क मागणारेही याच जातीचे. त्यांच्या करारात अचूकतेची अट मुद्दाम अशक्य ठेवलेली असते. मग ‘करार मोडला’ म्हणून वकिलाची नोटीस येते. घाबरून पैसे देऊ नये, तक्रार करावी.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे, मराठी टंकलेखन येतं. उपयोग होईल का?
– एक वाचक, गारगोटी

उत्तर : नक्की होईल, सर. मुलाखती, भाषणं ऐकून लिहून देणं आणि मुद्रितशोधन ही दोन कामं तुमच्यासारख्यांची. काम घेताना मजकूर युनिकोडमध्ये (मोबाइल-इंटरनेटवर चालणाऱ्या टंकलेखनात) हवा की श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये, हे आधी विचारा. नंतर फाँट बदलताना जोडाक्षरं मोडतात. एका तासाचं ध्वनिमुद्रण लिहायला नवख्याला पाच-सहा तास लागतात, म्हणून भाव ध्वनिमुद्रणाच्या मिनिटावर ठरवा. गूगल डॉक्समध्ये मराठी व्हॉइस टायपिंग आहे : कानात ऐकत स्वतः स्पष्ट बोलायचं. पण विरामचिन्हं तुम्हालाच द्यावी लागतील आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो तिथं डोळ्यांत तेल घालून वाचावं लागेल. ‘पानाला अमुक रुपये’ म्हणणाऱ्याकडून एका पानाचे शब्द किती, हे लिहून घ्या.

प्रश्न : फायव्हरवर (ऑनलाइन छोटी कामं मिळण्याच्या संकेतस्थळावर) खातं काढलं तर पैसे कधी हातात येतात?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : काम पूर्ण झाल्यावर नव्या विक्रेत्याचे पैसे १४ दिवस अडकून राहतात आणि २० टक्के कमिशन कापलं जातं. १,००० च्या कामाचे ८०० येतात, त्यातून बँकेत आणायचा खर्च वेगळा. पहिलं गिऱ्हाईक मिळायलाच कित्येक आठवडे जाऊ शकतात. खातं जरूर काढा, पण या महिन्याचं वीजबिल त्याच्या भरवशावर ठेवू नका.