पूर्ण, पुरण आणि मत्तय

प्रश्न असा आहे: नाताळच्या सुमारास येणाऱ्या लेखांत ‘यशयाची भविष्यवाणी पूर्ण झाली’ असं छापलेलं असतं. मराठीत भविष्यवाणी खरी ठरते नाहीतर खोटी ठरते. ‘पूर्ण’ कशी होईल? हे इंग्रजी ‘फुलफिल’चं कच्चं भाषांतर तर नव्हे? आणि यशयासारख्याला ‘संदेष्टा’ म्हणणं बरोबर की ‘भविष्यवेत्ता’?

पहिल्याचं उत्तर: नव्हे. त्या वाक्यात ‘पूर्ण’ हा एकच शब्द जागेवर आहे, बिघडलंय ते ‘भविष्यवाणी’पाशी. आणि ‘सुधारून’ लिहिणारे जेव्हा ‘बायबलमधलं भाकीत खरं ठरलं’ असं लिहितात, तेव्हा तर माझं डोकंच उठतं. भाकीत पावसाचं, निवडणुकीचं, शेअर बाजाराचं. ते कसं असतं हे सांगायला नको, सगळ्यांनाच पुरेसे अनुभव आहेत.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, दुसरा अध्याय काढा. हेरोद राजाच्या भीतीने योसेफ बाळ येशूला आणि त्याच्या आईला घेऊन मिसरात (इजिप्तमध्ये) पळतो, हेरोद मरेपर्यंत तिथेच राहतो. मत्तय म्हणतो, ‘मी माझ्या मुलाला मिसरातून बोलावलं’ हे संदेष्ट्याचं वचन पूर्ण व्हावं म्हणून असं झालं. आता ते वचन मुळात वाचा. होशेय, अकरावा अध्याय, पहिलीच ओळ. तिथे ‘मुलगा’ म्हणजे इस्राएल हे राष्ट्र आहे आणि गोष्ट ते राष्ट्र मिसरातून बाहेर पडलं त्या निर्गमनाची, म्हणजे इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या होशेयच्याही शेकडो वर्षं आधीची. पुढच्याच ओळीत या मुलाने बआलदैवतांपुढे यज्ञ केल्याची तक्रार आहे. यात भाकीत कुठे आहे? वाक्य सरळ भूतकाळातलं. जे भाकीतच नाही ते खरं ठरणार तरी कसं?

इथे दोन टोकांचे विद्वान एकाच खड्ड्यात पडतात. इंग्लंडातल्या अँथनी कॉलिन्सने १७२४ साली हीच उदाहरणं पुढे केली: ही वचनं शब्दशः कुठे लागू पडतात, लागू पडतात ती फक्त रूपक म्हणून, मग पुरावा कसला? दुसऱ्या टोकाला अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक पीटर स्टोनर. त्यांनी बायबलमधली आठ भाकितं एकाच माणसाच्या बाबतीत योगायोगाने जुळण्याची शक्यता काढली: दहाच्या सतराव्या घातात एक. म्हणजे म्हणे सगळ्या टेक्सासभर दोन फूट उंचीचा चांदीच्या डॉलरांचा थर पसरायचा, त्यातल्या एकावर खूण करायची आणि डोळे बांधलेल्या माणसाने पहिल्याच खेपेला तोच उचलायचा. गुणाकार चोख असेल, क्रियापद चुकलंय. दोघांनीही ‘खरं ठरलं का?’ असं विचारलं. मत्तय ते सांगतच नव्हता.

मत्तयाचं ग्रीक क्रियापद आहे ‘प्लेरोओ’. साधा अर्थ: भरणे. त्याच्याच तेराव्या अध्यायात जाळं माशांनी भरतं तिथे हेच क्रियापद. तेविसाव्यात येशू परुश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ ज्यू पंथाच्या लोकांना, ‘भरा तुमच्या वाडवडिलांचं माप’ म्हणून सुनावतो (आपण पापाचा घडा भरला म्हणतो, तसंच), तिथेही हेच. पाचव्यात ‘मी नियमशास्त्र रद्द करायला नाही, पूर्ण करायला आलो’, पुन्हा हेच. नियमशास्त्र काय भाकीत आहे? ‘चोरी करू नको’ हे खरं ठरतं का? पाळलं जातं, पुरेपूर पाळलं जातं, भरून पावतं.

ही लकब ग्रीकांचीही नाही, हिब्रूतून आलेली आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकात शलमोन एलीच्या वंशातल्या याजकाला पदावरून काढतो, कारण शिलोमध्ये परमेश्वर बोलला होता तो शब्द ‘भरावा’. हिब्रू क्रियापद ‘माले’, अर्थ भरणे. बोललेला शब्द हे तिथे रिकामं भांडं आहे, घटना येऊन त्यात पडते. आणि मराठीला हे परकं वाटतं म्हणता? आपल्याकडे बाईचे दिवस भरतात. (येशूचं असंच चरित्र लिहिणारा लूक मरियेच्या बाळंतपणाविषयी लिहितो तेव्हा ‘दिवस भरले’ असंच म्हणतो, ‘प्लेरोओ’च्या सख्ख्या भावंडाने.) शंभरी भरते, माप भरतं, वर्ष पुरं होतं, दिलेला शब्द पुरा करतात. शब्द ‘खरा’ही करतात, पण पुरा केला म्हटलं की त्यात करणारा दिसतो. भाकीत खरं ठरायला कोणी काही करावं लागत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. ग्रीक ‘प्लेरेस’, लॅटिन ‘प्लेनुस’, इंग्रजी ‘फुल’ आणि संस्कृत ‘पूर्ण’ ही एकाच मूळ धातूची लेकरं, भरण्याचा धातू. म्हणजे ‘पूर्ण’ हे ‘फुलफिल’चं भाषांतर नाही, चुलतभाऊ आहे. त्याच संस्कृत धातूचं ‘पूरण’, आणि त्याचं मराठीत पुरण. होय, पोळीतलं. पुरणे, पुरवणे, पुरेसा, पुरता, पुरवणी: सगळी एका घरातली मंडळी. ज्या नाताळ पुरवणीत ‘भाकीत खरं ठरलं’ छापून येतं तिच्या नावातच बरोबर शब्द आहे, हे संपादकांना कोणी सांगावं!

पुरण डोक्यात ठेवून मत्तय वाचला की गाठ सुटते. इस्राएल हा देवाचा मुलगा, मिसरातून आला, पाण्यातून पार झाला, रानात चाळीस वर्षं भटकला आणि कसोटीत नापास झाला. येशू मिसरातून येतो, यार्देन नदीच्या पाण्यात उतरतो, रानात चाळीस दिवस काढतो आणि तीच कसोटी पार करतो. ख्रिस्ती वाचक म्हणतो, पोळी तीच, आता आत पुरण आलं. कॅथलिक पंडितांनी विसाव्या शतकात यासाठी लॅटिन संज्ञा घडवली, ‘सेन्सुस प्लेनिओर’: मूळ लेखकाच्या ध्यानी नसलेला पण देवाच्या मनात असलेला अधिक भरीव अर्थ. हा ‘प्लेनिओर’ पाहिलात? पुन्हा आपलाच ‘पूर्ण’, तरतम लावून.

लूकच्या चौथ्या अध्यायात नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाची गुंडाळी उघडतो, ‘त्याने माझा अभिषेक केला आहे’ हे वाचतो (‘मशीहा’, म्हणजे ज्यूंना ज्याची वाट होती तो अभिषिक्त तारणारा, हा शब्द याच अभिषेकाच्या धातूतून) आणि म्हणतो, हा लेख आज तुमच्या ऐकण्यात पूर्ण झाला. पण तो वाक्याच्या मध्येच थांबला होता. यशयात पुढे ‘सूड घेण्याचा दिवस’ आहे, तो वाचलाच नाही. कित्येक ख्रिस्ती भाष्यकार इथे बोट ठेवतात: अर्धं माप आत्ता भरलं, उरलेलं येशूच्या दुसऱ्या येण्याच्या वेळी. ज्यू वाचकाचा आक्षेपही नेमका इथेच, की जगात शांतता आली नाही, मग भरलं काय? हा वाद ‘खरं-खोटं’च्या भाषेत मांडताच येत नाही, ‘भरलं-अपुरं’च्या भाषेत मात्र चटकन मांडता येतो.

पुरणावरून पुराण आठवणं अटळ. व्युत्पत्तीने दोन्ही वेगळे, पुराण हे ‘पुरा’ म्हणजे पूर्वी यातून, आणि इथे मी भाषाशास्त्राच्या बाजूने आहे. पण सोळाव्या शतकात वृंदावनच्या जीव गोस्वामींनी ‘पूरणात् पुराणम्’ ही जुनी फोड उचलून धरली: वेदाला भर घालतं ते पुराण. वर युक्तिवाद असा की सोन्याच्या कड्यातली तूट कथलाने भरत नाहीत, म्हणून भर घालणारं पुराणही वेदाच्याच जातीचं असलं पाहिजे. व्युत्पत्ती चूक, युक्तिवाद अफलातून. रोमच्या ख्रिस्ती मंडळीने इसवी सन १४४च्या सुमारास मार्सियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाला बाहेर काढलं ते थोडंफार यावरच. त्याचं म्हणणं होतं की ज्यूंच्या संदेष्ट्यांचा मशीहा वेगळा, येशू वेगळा, देवही वेगळे. कडं एका धातूचं, भर दुसऱ्याची. मंडळी म्हणाली, दोन्ही सोनंच.

आणि जीव गोस्वामींच्याच सुमारास गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ साली आलेला हा इंग्रज जेझुइट १५८३ साली भावाला पत्रात कळवतो की इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच कुळातल्या असं सांगणारं विल्यम जोन्सचं प्रसिद्ध भाषण १७८६चं! याच माणसाने बायबलची कथा मराठी ओवीत सांगितली, १६१६ साली रायतूरला छापली, आणि तिचे दोन भाग केले: पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं ख्रिस्ताचं. माझा आवडता तर्क असा की ज्याला ‘प्लेनुस’ आणि ‘पूर्ण’ यांचं नातं ऐकू येऊ शकत होतं, त्याने ‘पुराण’ हे नाव निव्वळ लोकांना ओळखीचं म्हणून घेतलं नसेल. पहिल्यात दुसऱ्याने भर घातली हे त्याच्या कानात वाजत असणार. अभ्यासक म्हणतील, पुरावा दाखवा. त्यांनी ‘फक्त ओळखीचं म्हणून’ याचा दाखवावा, मग बोलू.

यशयाच्या सातव्या अध्यायातल्या, मुलाला जन्म देणाऱ्या ‘कुमारी’चं विचारू नका. हिब्रूत ‘अल्मा’, तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात ‘पार्थेनोस’, कुमारी. मत्तयाने ग्रीक घेतलं. दुसऱ्या शतकापासून भांडण चालू आहे, आणि १९५२ साली एका नव्या इंग्रजी भाषांतरात ‘तरुण स्त्री’ आलं म्हणून उत्तर कॅरोलायनातल्या एका पाळकाने ते पान जाळलं.

राहिला ‘संदेष्टा’. तोच बरोबर. बायबलमधलाच आमोस घ्या: गुरं राखणारा, उंबराची फळं टोचणारा, ‘मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही’ म्हणणारा. तो ओरडतो ते धान्याचं माप लहान करून तराजूत खोट करणाऱ्या व्यापाऱ्यांवर. हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत बाजारात चाललं होतं. याला भविष्यवेत्ता कशाला म्हणायचं?