एस्टस कंपनीच्या 'बिग बर्था' या मॉडेल रॉकेटच्या किटमध्ये १८ मिमीऐवजी २४ मिमीचा इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारी आतली नळी) बसवावा का? गोंद कोणता वापरावा?

बसवा. "किट म्हणजे किट, कंपनीला कळत नाही का?" असं म्हणणारं कुणीतरी तुमच्याही घरात असेल. आमच्याकडे साडू आहेत.

बर्था या बदलाला सोयीची आहे. तिचे फिन (शेपटीकडचे पंख) नळीला बाहेरून चिकटतात, खाचेतून आत जाऊन माउंटला टेकत नाहीत. त्यामुळे आत काय बदललं याचा बाहेरच्या बांधणीला पत्ताही लागत नाही. बाहेरची नळी बीटी-६० (बीटी म्हणजे नळीचं माप), इंजिनासाठी बीटी-५०, आणि दोन्हींच्या मध्ये बसणाऱ्या सेंटरिंग रिंगा. पुठ्ठ्याच्या पुरतात. प्लायवूडच्या घ्या म्हणणारे उगाच शेपटीचं वजन वाढवतात.

आम्ही ओहायोत असतो, साडूही जवळच. दोघांनी आपापल्या मुलींसाठी हेच किट घेतलं. साडूंनी सूचनापत्रक ओळ न ओळ पाळलं, आणि खोटं कशाला बोला, रंगकाम त्यांचंच देखणं झालं होतं. मी आणि लेकीने माउंट २४ चा केला. ऑक्टोबरात मका काढून झालेल्या शेतात दोन्ही उडवली. वारा होता. त्यांनी सी६-५ हे १८ मिमीचं इंजिन लावलं. बर्था मुळातच संथ उठते, लोक तिच्यावर भाळतात तेही त्यासाठीच, पण वाऱ्यात नेमकं तेच नडतं. लाँच रॉड (सुरुवातीला रॉकेटला सरळ धरणारी दांडी) सोडताना वेग कमी असला की वारा फिनांना ढकलतो आणि नाक वारा येतो त्या बाजूला वळतं. त्यांचं रॉकेट तिरपं होत होत गेलं आणि पॅराशूट उघडलं ते थेट शेजारच्या शेतावर. आमचं २४ मिमीच्या सी११-३ वर सरळ वर गेलं.

साडू म्हणाले, "मोठं इंजिन लावलं की कोणीही जिंकेल."

अहो, 'सी' दोन्हीकडे 'सी'च! अक्षर एकूण आवेग (जोर गुणिले वेळ) सांगतं: सी म्हणजे जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद, डी म्हणजे २०. अक्षरापुढचा आकडा सरासरी जोर सांगतो, आणि रेघेनंतरचा आकडा जोर संपल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर पडतं ते. सी६ आणि सी११ या दोघांची शिदोरी जवळपास सारखीच. सी६ ती पावणेदोन-दोन सेकंद पुरवतं, सी११ सेकंदाच्या आत संपवतं. सगळा जोर सुरुवातीलाच मिळतो, म्हणून रॉकेट रॉडवरून झटक्यात सुटतं. २४ मिमीचा खरा फायदा हा आहे. उंचीसाठी हा खटाटोप करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. हे मी शेतात सांगितलं, दिवाळीला फराळ करतानाही सांगितलं. ते अजून "मोठं इंजिन"च म्हणतात. व्यासाने मोठं आहे, तेवढं कबूल.

"मग घरातली १८ ची इंजिनं वाया," हा त्यांचा दुसरा मुद्दा. वाया कशी? सी६, सी११, डी१२ या सगळ्यांची लांबी ७० मिमीच. बीटी-२० च्या तुकड्यावर दोन रिंगा चिकटवून अडॅप्टर करा, पुढे सरकू नये म्हणून आत थ्रस्ट रिंग घाला, की जुनी इंजिनं त्याच माउंटात चालतात. उलट १८ च्या माउंटात २४ चं इंजिन कधीच जाणार नाही.

गोंद: पिवळा वूड ग्लू. फक्त रिंग आत सरकवताना मध्ये थांबू नका, तिथल्या तिथे पकडते आणि मग हलत नाही. आधी नळीच्या आत गोंदाची गोल रेघ द्या आणि माउंट एका दमात ढकला. हात धीमा असेल तर अर्ध्या तासात घट्ट होणारं इपॉक्सी घ्या. सुपरग्लू माउंटला नको, ठिसूळ असतो.

हां, एक राहिलं, आणि हे टाळू नका. २४ चं इंजिन जड असतं, डी१२ तर सी६ च्या जवळपास दुप्पट. शेपूट जड झाली की गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो सेंटर ऑफ प्रेशरच्या (हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे निदान नळीच्या एका व्यासाएवढा हवा, म्हणजे बर्थाला चार सेंटिमीटरहून थोडा जास्त. इंजिन भरून, पॅराशूट आत ठेवून रॉकेट तोलाच्या जागी दोरीला बांधा आणि डोक्यावर गरगर फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक, नाहीतर नोज कोनमध्ये मॉडेलिंग क्ले भरा. बदल माउंटात करायचा, इंजिनाला हात लावायचा नाही. आणि भाच्यासाठी किट पुण्याला नेणार असाल तर इंजिनं बॅगेत घालू नका, विमानात ती ना हातातल्या सामानात चालतात, ना चेक-इनमध्ये.

डी१२ ला निदान ५०० फुटांचं मैदान हवं, सी ला ४००. घरामागचं अंगण दोन्हींना चालत नाही, मग साडू काहीही म्हणोत.