सामान्य घरातला एखादा इटालियन माणूस बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, दरबारात खरोखर वर पोहोचला होता का?

होता. त्याचं नाव लिकारिओ. बायझंटाईन इतिहास आवडीने वाचणारेही हे नाव क्वचितच घेतात, याची मला फार चुटपुट लागते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्रीसच्या पूर्व किनाऱ्याला खेटून एव्हिया नावाचं लांबट बेट आहे. १२०४ साली चौथ्या क्रूसेडच्या, म्हणजे पश्चिम युरोपातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, सैन्याने बायझंटाईन राजधानी कॉन्स्टँटिनोपल लुटली, साम्राज्याचे तुकडे वाटून घेतले, आणि पुढच्याच वर्षी हे बेट इटलीतल्या वेरोनाकडच्या तीन सरदारांच्या हाती गेलं. लिकारिओ जन्मला तो याच बेटाच्या दक्षिण टोकाला, कारिस्तोसला. बाप इटलीतल्याच विचेंझाहून आलेल्यांपैकी, आई तिथलीच. पैसा नाही, घराण्याचं नाव नाही. चाकरी कुणाची, तर तीन सरदारांपैकी एक असलेल्या गिल्बेर्तोची.

तिथे त्याचा जीव जडला फेलिसावर. ती एका सरदाराची विधवा, आणि नवऱ्यामागे त्याच्या वाट्याच्या मुलखाचा कारभार पाहणारी. दोघांनी गुपचूप लग्न केलं. ते उघडकीला आल्यावर तिचे नातलग खवळले. चाकरी करणारा माणूस आपला सोयरा? लग्न मानायला त्यांनी साफ नकार दिला आणि लिकारिओला पळ काढावा लागला. तो आनेमोपिले नावाच्या जागी जाऊन बसला. या नावाचा अर्थ ‘वाऱ्याची दारं’. तिथली जुनी गढी त्याने दुरुस्त केली, चार माणसं जमवली आणि आसपासच्या गावांवर छापे घालायला लागला.

इथवरची गोष्ट पुंडाचीच म्हणायची. पण १२६१ मध्ये बायझंटाईन सम्राट मिखाईल आठवा पालिओलोगोस याने राजधानी परत जिंकली होती. एजियन समुद्रातली बेटं मात्र अजून लॅटिन, म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या, सरदारांकडे होती, आणि पलीकडे सिसिलीचा राजा शार्ल साम्राज्यावर चालून येण्याच्या तयारीत होता. मिखाईलला आरमार हवं होतं, आणि त्याहून जास्त हवा होता शत्रूच्या घरातला माहीतगार. लिकारिओ आपण होऊन त्याच्याकडे गेला. सम्राटाने त्याचं कूळ विचारलं नाही. माझ्या मते सगळी गोष्ट इथे फिरली. लिकारिओच्या आपल्या लोकांनी त्याची जी किंमत केली नाही, ती परक्या सम्राटाने केली.

१२७६ मध्ये त्याने वेढा घालून जन्मगाव कारिस्तोस घेतलं. मी तिथे जाऊन आलोय. राफिनाहून बोटीने तासाभरात मार्मारी, पुढे रस्त्याने कारिस्तोस. किल्ला गावामागच्या डोंगरावर आहे. दगड लालसर, म्हणून नावच कास्तेल्लो रोस्सो, लाल किल्ला. वर चढून खालचा उतार पाहिला आणि हा वेढा किती चिकाटीचा असेल ते मला पायांनीच सांगितलं. बक्षीस म्हणून सम्राटाने त्याला अख्खं बेट जहागीर दिलं आणि बदल्यात २०० स्वारांची चाकरी लावून दिली. शिवाय एका श्रीमंत ग्रीक घराण्यातली मुलगीही दिली. फेलिसाचं नाव मात्र यापुढे कुठे येत नाही. ज्या लग्नापायी हे सगळं सुरू झालं ते असं हवेत विरून जावं, हे मला अजूनही खुपतं.

मग त्याने एकामागून एक बेटं घेतली. स्कोपेलोसचा प्रसंग तर पाहण्यासारखा आहे. तिथला किल्ला अभेद्य समजला जायचा, आणि त्याचा मालक फिलिप्पो गिझी छातीठोकपणे म्हणायचा की दैवसुद्धा माझं काही बिघडवू शकत नाही. लिकारिओला त्या किल्ल्याचं एक दुखणं ठाऊक होतं. आत पाणी पावसाचंच, टाक्यांमध्ये साठवलेलं. त्याने कडक उन्हाळा गाठला आणि वेढा घातला. टाक्या आटल्या, किल्ला पडला आणि गिझीची रवानगी कैदी म्हणून कॉन्स्टँटिनोपलला झाली. स्थानिक माणूस तुमच्याविरुद्ध गेला की काय होतं, याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

पुढे एव्हियाचं मुख्य शहर खाल्किदा, त्याच्याजवळ वाथोंदा इथे मोठी लढाई झाली. अथेन्सचा ड्यूक जाँ दे ला रोश सांधेदुखीने आधीच बेजार होता. तो घोड्यावरून पडला आणि पकडला गेला. त्याच्याबरोबर सापडला लिकारिओचा जुना धनी, गिल्बेर्तो. दोघांना राजधानीत नेलं. दरबारात गिल्बेर्तोने पाहिलं की भारी पोशाखातला एक अधिकारी सम्राटाच्या कानाशी लागून काही सांगतोय, आणि सम्राट ऐकतोय. तो लिकारिओ होता. बखरी सांगतात की ते दृश्य पाहून गिल्बेर्तो जागच्या जागी कोसळला आणि मेला. ड्यूक ३०,००० सोन्याच्या नाण्यांची खंडणी भरून सुटला, पण १२८० मध्ये वारला.

लिकारिओला आधी ‘मेगास कोनोस्तावलोस’ म्हणजे परदेशी भाडोत्री फौजेच्या सरदाराचं पद मिळालं आणि मग ‘मेगास दूक्स’, साम्राज्याच्या आरमाराचा मुख्य. या दुसऱ्या पदावर पोहोचलेला तो पहिला परका. ग्रीक इतिहासकार तर त्याला इकारिओस म्हणू लागले, जणू तो त्यांच्यातलाच.

खाल्किदा शहर मात्र त्याला कधीच घेता आलं नाही. १२८० नंतर त्याचा माग लागत नाही. तो कधी मेला, कुठे मेला, कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्याने जिंकलेलं बेट हळूहळू लॅटिन सरदारांनी परत घेतलं आणि १२९६ मध्ये लाल किल्लाही पडला. तो घेणारा बोनिफाचो त्याच वेरोना घराण्यातला होता.