डलिच हॅमलेट या दक्षिण लंडनमधील फुटबॉल क्लबचा इतिहास काय आहे, आणि त्यांच्या मैदानावर सामना पाहायला जाण्यात अर्थ आहे का?

निश्चित आहे. तुम्ही लंडनला नव्याने राहायला आला आहात, मोठ्या क्लबांची तिकिटे परवडत नाहीत आणि कोणी सुचवले म्हणून हा प्रश्न विचारला आहे, हे समजले. मात्र त्याच प्रश्नात "लीगबाहेरच्या क्लबला इतिहास तो काय असणार" (लीगबाहेरचा म्हणजे वरच्या चार श्रेणींखालचा) असे जे वाक्य तुम्ही लिहिले आहे ते मला लागले, कारण मी कॅम्बरवेलला राहतो, गेली अनेक वर्षे या मैदानावर जातो आणि हेच वाक्य घरच्या माणसांकडूनही ऐकत आलो आहे.

हा क्लब 1893 मध्ये स्थापन झाला. डलिच हॅमलेट शाळेतील मुलांच्या आग्रहावरून लॉरेन विल्सन यांनी तो सुरू केला आणि पुढे सारा परिसर त्यांना 'पा' म्हणूनच ओळखू लागला. खेळाडूंनी पैसे न घेता खेळण्याचा तो काळ होता आणि एफए म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचा हौशी संघांसाठी असलेला अमॅच्युअर चषक या क्लबने 1920, 1932, 1934 आणि 1937 असा चार वेळा जिंकला. एडगर केल हा त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू. त्याने या एकाच क्लबसाठी चारशेहून अधिक गोल केले, व्यावसायिक होण्याचे नाकारले आणि तरीही 1929 मध्ये इंग्लंडच्या मुख्य संघाकडून तो 3 सामने खेळला. त्यांतील पहिल्याच, फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात त्याने दोन गोल केले. मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला आज त्याचे नाव आहे.

मैदानाचे नाव चॅम्पियन हिल. 1933 मध्ये अमॅच्युअर चषकाचा अंतिम सामना येथे झाला तेव्हा 20,744 प्रेक्षक हजर होते. 1948 च्या ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाने मेक्सिकोला 5–3 असे हरवले तेही याच ठिकाणी. त्याच ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ, बहुतेक खेळाडू अनवाणी असताना, पूर्व लंडनमधील इलफर्डला फ्रान्सशी खेळला आणि दोन पेनल्टी वाया गेल्यामुळे 1–2 असा हरला. म्हणजे ज्याला आपण आपल्या फुटबॉलचा इतिहास म्हणतो, त्याचे एक पानही लंडनच्या अशाच एका उपनगरात लिहिले गेले आहे.

तुम्हाला आज दिसेल ते मैदान मात्र जुने नाही. जुने प्रेक्षागार सुरक्षेच्या नव्या नियमांत बसेना, तेव्हा जागेचा काही भाग सुपरमार्केटला देऊन 1992 मध्ये लहान स्टेडियम उभारण्यात आले. ईस्ट डलिच स्थानकापासून ते काही मिनिटांवर आहे. इमारत साधीच आहे. तिच्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

सांगण्यासारखे आहे ते 2018 चे. मैदानाची जमीन तोपर्यंत एका बांधकाम विकासक कंपनीकडे गेली होती. या जागेवर घरे बांधायची आणि शेजारच्या मोकळ्या जागेत क्लबला नवे मैदान द्यायचे, ही तिची योजना सदर्क परिषदेशी, म्हणजे तेथील स्थानिक पालिकेशी, झालेल्या वादात अडकली. मार्च 2018 मध्ये क्लबचा मैदान वापरण्याचा परवाना रद्द झाला, थकलेल्या भाड्याची मागणी आली आणि त्याच सुमारास वकिलाचे पत्र आले की क्लबचे नाव आता व्यापारचिन्ह म्हणून दुसऱ्याच्या मालकीचे आहे, सबब ते वापरू नये. सव्वाशे वर्षे जे नाव लोकांच्या तोंडी होते, ते त्यांनीच उच्चारण्यासाठी परवानगी मागावी, असा त्याचा अर्थ होता. खासदार हेलन हेज यांनी हा विषय संसदेत मांडला.

त्या हंगामाचे उरलेले घरचे सामने टूटिंग अँड मिचम या क्लबच्या मैदानावर झाले. हा क्लब आमचा जुना प्रतिस्पर्धी आहे, तरी त्यानेच दार उघडले, ही गोष्ट मी कधी विसरणार नाही. मे महिन्यात, विलक्षण उकाड्याच्या सोमवारी, वरच्या श्रेणीत जाण्यासाठीची हेंडनविरुद्धची अंतिम लढत तेथेच झाली. आधीची दोन्ही वर्षे याच टप्प्यावर आमचा पराभव झाला होता, आणि या वेळी तर स्वतःचे मैदानही नव्हते. सामना बरोबरीत सुटून पेनल्टीवर गेला तेव्हा माझा मुलगा कठड्याला धरून डोळे मिटून उभा होता आणि शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांची माझी केवळ तोंडओळख होती, त्याला प्रत्येक फटक्याचे वर्णन हळू आवाजात सांगत होते. आम्ही जिंकलो. क्लबच्या रंगांचे, गुलाबी आणि निळे मफलर त्या उकाड्यातही लोकांनी गळ्यातून काढले नव्हते.

त्याच संध्याकाळी मी पुण्याला मेव्हण्यांना फोन केला. ते जमिनींचे व्यवहार करतात आणि त्यांचे म्हणणे त्या पूर्ण काळात एकच होते: ज्याच्या नावावर सात-बारा, त्याचा निर्णय, भाडेकरूने भावनेच्या गोष्टी करू नयेत. हे मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. पुण्यात विकास आराखड्यात एखाद्या भूखंडावर क्रीडांगणाचे आरक्षण पडते तेव्हा तो सात-बारा कोणाच्याही नावावर असो, त्यावर इमारत उठवता येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मालकी म्हणजे वाटेल ते करण्याची मुभा, असे कोणताच कायदा म्हणत नाही. शिवाय त्या मैदानाला जे महत्त्व आले ते पिढ्यान्‌पिढ्या तेथे पाऊस अंगावर घेत उभ्या राहिलेल्या माणसांमुळे आले, आणि त्यांचे नाव कोणत्याही उताऱ्यावर चढत नाही. समर्थक, परिषद आणि लोकप्रतिनिधी यांच्या रेट्यामुळे विकासकाला वाटाघाटी कराव्या लागल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्लब चॅम्पियन हिलवर परतला, हेच मेव्हण्यांना माझे उत्तर आहे.

न्यायाने हेही लिहिले पाहिजे की त्याआधीची काही वर्षे क्लबचा तोटा याच विकासकाने भरून काढला होता, आणि जो क्लब दुसऱ्याच्या पैशावर चालतो तो एक दिवस असा अडचणीत येतोच. म्हणून, तुम्ही जाल तेव्हा तिकिटाबरोबर समर्थकांच्या संस्थेचे सभासदत्वही घ्या, असे मी आग्रहाने सांगेन.

तुमच्या मूळ प्रश्नातील उरलेला भाग: खेळाचा दर्जा मोठ्या लीगचा नाही. 2023 मध्ये संघ पुन्हा सातव्या पातळीवर उतरला आणि चेंडू हवेत बराच राहतो. ज्यांना केवळ उत्तम फुटबॉल पाहायचा आहे त्यांनी दूरचित्रवाणीवर पाहावा. परंतु येथे तुम्ही गोलरक्षकाच्या हाका ऐकू येतील इतक्या जवळ उभे राहता, मध्यंतरात समर्थक आपला संघ ज्या बाजूला हल्ला करणार त्या बाजूला चालत जातात, आणि वरच्या श्रेणींत कायद्याने बंद असलेला बिअरचा ग्लास हातात घेऊन सामना पाहता येतो. पहिल्या भेटीसाठी सप्टेंबरच्या सुमारास होणारा एफए चषकाच्या पात्रता फेरीतील घरचा सामना निवडा. तीनची सुरुवात असेल तर दोनपर्यंत पोहोचा आणि गोलामागे उभे राहा. बसण्याच्या जागेवरून हा क्लब कळत नाही.