रस्ता नाही, पाणी नाही, तरी एवढ्या मोठमोठ्या गृहप्रकल्पांना परवानगी मिळते कशी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पुण्याच्या कडेला तुमचं घर आहे, आजूबाजूला पाच मोठे प्रकल्प एकदम उभे राहतायत, समोरून गाडी आली की आपली बाजूला घ्यावी लागते असा रस्ता, पाणी टँकरचं. मग यांचे प्लॅन पास होतातच कसे? नियोजन करणारं कुणी आहे की नाही? आणि शेवटी, ‘सगळं पैसे खाऊनच चालतं ना?’

मी सतरा वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मंजुरीची कामं बघतो. नकाशे काढणारे वेगळे, मी फाईल घेऊन फिरणारा. खाणं नसतंच असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण तुमच्या भागात जे झालंय ते व्हायला कुणी पैसे खायची गरजच नाही. पाचही फाईली नियमात चोख बसत असतील. घोळ तिथेच आहे.

प्लॅन पास होतो तो एका प्लॉटचा, गावाचा नव्हे. सातबारा, मोजणीचा नकाशा, झोन दाखला, समोरच्या रस्त्याची रुंदी, एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा), मार्जिन म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, पार्किंग, फायरची एनओसी हे सगळं तपासलं जातं, आणि बऱ्यापैकी काटेकोर तपासलं जातं. मार्जिन दहा सेंटिमीटरनं कमी पडलं म्हणून परत आलेल्या फाईली मी पाहिल्यात. पण शेजारच्या गटावर गेल्याच महिन्यात आठशे सदनिका मंजूर झाल्यात आणि पलीकडच्या गटाचा अर्ज आलाय, हे लिहायला त्या छाननीत रकानाच नाही. बेरीज करणं हे कुणाचंच काम नाही.

आपण करून बघू. एका घरात पाच माणसं आणि माणशी दिवसाला १३५ लिटर हा हिशेबाचा नेहमीचा आकडा. हजार सदनिकांना रोज ६ लाख ७५ हजार लिटर लागतात. म्हणजे दहा हजार लिटरचे अडुसष्ट टँकर. असे पाच प्रकल्प धरले तर रोज तीनशे चाळीसच्या आसपास. चोवीस तास अखंड चालवले तरी सव्वाचार मिनिटांना एक भरलेला टँकर आत, आणि तेवढाच एक रिकामा बाहेर. तोही तुमच्या त्याच रस्त्यावरून.

आता तुम्ही म्हणाल, पाण्याचं कुणी विचारतच नाही का? विचारतात. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, तिथे पाणी कुठून आणणार हे लिहून द्यावं लागतं. त्यासाठी स्थानिक संस्थेचं पत्र जोडतात. त्या पत्रात एक शब्द हमखास सापडतो: ‘उपलब्धतेनुसार’. पाणी उपलब्धतेनुसार देण्यात येईल. माझ्या मते अख्ख्या शासकीय मराठीत याच्याइतका कामसू शब्द दुसरा नाही. देणाऱ्याला काही द्यावं लागत नाही आणि घेणाऱ्याची फाईल पुढे सरकते.

आणि मग येतं हमीपत्र. पाण्याची लाईन येईपर्यंत सदनिकाधारकांना पिण्यायोग्य पाणी विकसक स्वखर्चाने पुरवील, अशा अर्थाचा मजकूर स्टँप पेपरवर, नोटरी करून. अशी हमीपत्रं मी स्वतः टाइप केली आहेत, किती ते आता आठवतही नाही. भोगवटा पत्र, म्हणजे इमारतीत राहायला जायचा दाखला, मिळतं, सोसायटी स्थापन होते, विकसक किल्ल्या देऊन पुढच्या साईटवर जातो आणि ‘स्वखर्चाने’मधला ‘स्व’ बदलतो. आता तो तुम्ही.

माझ्या मेहुण्यानं असाच एक फ्लॅट घेतला. पहिल्या उन्हाळ्यात मेंटेनन्सचं बिल बघून त्याचा फोन, “दाजी, यात निम्मं तर टँकरचंच आहे. तुमचंच खातं ना हे?” खातं माझं नाही, पण बोलायला तोंड नव्हतं. त्याच्या प्रकल्पाचं हमीपत्र मी मुद्दाम मागवून वाचलं. आमच्या ऑफिसचं नव्हतं, मजकूर मात्र शब्दशः आमचा. एकाचं बघून दुसरा टाइप करतो. मी पूर्वी कधीतरी केलेली ‘पिण्यायोग’ ही चूकसुद्धा तशीच उतरली होती.

मग नियोजन म्हणतात ते कुठे होतं? कागदावर ते १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली, विकास आराखड्यात म्हणजे डीपीत होतं. वीस वर्षांचा विचार करून रस्ते, शाळा, दवाखाने, बागा, पाण्याच्या टाक्या यांच्यासाठी जागा आखून ठेवायच्या. कल्पना चांगली आहे. पण पुण्याच्या जुन्या हद्दीचं बघा. १९८७ नंतरचा आराखडा २००७ ते २०२७ या काळासाठी होता. त्याचं प्रारूप २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं, २०१५ मध्ये राज्य सरकारनं तो महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. वीसातली दहा वर्षं मांडवातच गेली. तोवर बांधकामं काही थांबून राहिली नव्हती.

कडेच्या गावांची कथा याहून न्यारी. २०१७ मध्ये अकरा गावं महापालिकेत आली, जून २०२१ मध्ये आणखी तेवीस. क्षेत्रफळात पुणे मुंबईच्या पुढे गेलं म्हणून पेढे वाटायचं तेवढं बाकी होतं. पण त्या तेवीस गावांचं नियोजन प्राधिकरण म्हणून सरकारनं नेमलं पीएमआरडीएला, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला. म्हणजे कचरा उचलायचा, पाणी द्यायचं, मिळकतकर घ्यायचा महापालिकेनं; प्लॅन पास करायचे आणि विकासशुल्क घ्यायचं दुसऱ्यानं. लग्न ठरवणारे वेगळे आणि संसार चालवणारे वेगळे. पीएमआरडीएचा प्रारूप आराखडाही २०२१ मध्येच आला, त्यावर हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द करायचं ठरलं. वर मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षं तरी महापालिकेत प्रशासक. पाणी येत नाही म्हणून ज्याच्या दारात जाऊन ओरडायचं तो माणूसही तेव्हा नव्हता.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले तेव्हा हे सगळं एकदम उजेडात आलं. नांदेड, किरकटवाडी ही त्या तेवीसांतलीच गावं. खडकवासला धरण अगदी हाकेच्या अंतरावर. धरणाचं पाणी एका मोठ्या विहिरीत यायचं आणि जलशुद्धीकरण केंद्राशिवाय, नुसतं क्लोरीन घालून घरोघर जायचं. ग्रामपंचायतीच्या काळात काही हजार माणसांना पुरणारी व्यवस्था टॉवर आले तरी तीच राहिली.

आता आरक्षणाबद्दल, कारण फ्लॅट विकताना ‘समोर डीपी रोड आहे, पलीकडे शाळेचं आरक्षण आहे’ असं दणकून सांगतात. आरक्षण म्हणजे नकाशावरचा रंग. जमीन अजून शेतकऱ्याचीच असते. ती घ्यायला पैसे लागतात आणि तिथे खडखडाट. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देतो, मग दोन वर्षांत संपादनाची पावलं टाकली नाहीत तर आरक्षण उडतं. म्हणून रोख पैशांऐवजी टीडीआर देतात, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करायचा हक्क. रस्त्यात गेलेल्या जागेच्या मोबदल्यात दाट वस्तीबाहेर दुप्पट. तो टीडीआर बाजारात विकला जातो आणि दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीवर मजले होऊन चढतो. रस्ता रुंद करण्यासाठी दिलेल्या मजल्यांना आणखी रुंद रस्ता लागतो. मी हे एकदा एका नगररचनाकार साहेबांना हसत हसत बोललो. ते हसले नाहीत. म्हणाले, “दुसरा उपाय सांगा, उद्यापासून लागू करतो.” माझ्याकडे नव्हता.

एफएसआयचंही तसंच. डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून बहुतेक राज्याला एकच नियमावली आहे, यूडीसीपीआर. समोरचा रस्ता ९ मीटरच्या आत असेल तर मूळ १.१ एफएसआय, आणि रस्ता रुंद होत जाईल तसा प्रीमियम (सरकारी शुल्क भरून मिळणारा जादा एफएसआय) व टीडीआर घेऊन ३० मीटरच्या पुढे ३ पर्यंत. निवासीला त्यावर ६० टक्क्यांपर्यंत पूरक. तत्त्व बरोबर आहे, रस्ता मोठा तर इमारत मोठी. मात्र बहुतेक वेळा रुंदी धरली जाते ती आराखड्यातली. विकसक आपल्या प्लॉटसमोरची पट्टी ताब्यात देतो, तेवढा तुकडा गुळगुळीत डांबरी होतो, पुढे मागे पायवाट. तुम्ही बघितला असेलच, शंभर मीटर लांबीचा चौपदरी रस्ता आणि दोन्ही टोकांना बाभळी.

पूर्वी हे वेगळ्या पद्धतीनं व्हायचं आणि त्याची खूण पत्त्यातच सापडते. प्रभात रोडकडचे जुने पत्ते बघा, ‘फायनल प्लॉट नंबर अमुक, एरंडवणे’. तुमच्या भागातला पत्ता बघा, ‘सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा तमुक’. फायनल प्लॉट म्हणजे तिथे नगररचना योजना झाली होती. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यातून आधी रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या, उरलेल्याचे चौकोनी भूखंड पाडून मालकांना प्रमाणात परत द्यायचे. १९१५ च्या मुंबई प्रांताच्या कायद्यापासून ही सोय आहे. तुमच्याकडे शेताचा बांधच कंपाउंडची भिंत झाला. म्हणून रस्ता आजोबांच्या वाटणीसारखा वळतो. पीएमआरडीएनं म्हाळुंगे-माणला नगररचना योजना हाती घेतली, पण तिचा वेग आणि टॉवरचा वेग यांची शर्यत लावू नका. मगरपट्ट्याचं उदाहरण सगळे देतात. तिथे शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर एकत्र केली म्हणून रस्ते आधी आले. ते जमलं कारण बहुतेक सगळे एकाच भावकीतले होते. भावकी एकत्र येणं हीच खरी दुर्मीळ गोष्ट, टाउनशिप त्यामानाने सोपी.

कधी कधी बेरीज कोर्ट करतं. २०१६ मध्ये बाणेर-बालेवाडीत आणि २०१७ मध्ये ठाण्याच्या घोडबंदर रोडवर पाणीटंचाईवरून उच्च न्यायालयानं नव्या बांधकामांना लगाम घातला होता. मुंबईत २०१६ मध्ये डम्पिंग ग्राउंडवरून. आमच्या ऑफिसात तेव्हा धावपळ उडाली होती. काही काळानं लगाम सैल होतो, पण तेवढ्या काळात प्रशासनाकडून पाण्याचे खरे आकडे प्रतिज्ञापत्रावर येतात. एरवी ते मागून मिळत नाहीत.

तुम्ही काय करू शकता? आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांना तीस दिवस असतात. तेव्हा ‘आमच्यावर अन्याय’ असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. गट नंबर, रस्त्याची मोजलेली रुंदी, मंजूर सदनिकांची संख्या, म्हणजे वर केली तशी बेरीज लिहून द्या. सदनिकांची संख्या महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाच्या पानावर सापडते, पाच पानं उघडायला अर्धा तास लागेल. फ्लॅट घ्यायचा विचार असेल तर पोहोच रस्त्याची ताबा पावती मागा, ब्रोशरवरचं चित्र नको. आणि पाण्याचं पत्र ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द शोधत वाचा.

हमीपत्र मात्र मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपये फी आणि पानाला दोन रुपये. त्यात ‘पिण्यायोग’ असं छापलेलं दिसलं, तर ती चूक माझी.