जांभळाचा तुरटपणा, विटकरी कड

प्रश्न : नाशिकची शिराझ ही रेड वाइन आणली, पण ‘छान’ यापलीकडे शब्द सुचत नाही. जुनी रेड वाइन ओळखायची कशी? – एक वाचक, दादर

उत्तर : शब्द आपल्या स्वयंपाकघरातच आहेत. शिराझमध्ये मला काळी मिरी लागते. तो भास नव्हे, रोटुंडोन हे द्रव्य दोन्हींत असतं. जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आवळते ना? ते टॅनिन, म्हणजे वाइनमधलं तुरट द्रव्य. वर्षानुवर्षं बाटलीत त्याचा थोडा गाळ बसतो, वाइन मऊ होते. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरा : कोवळी जांभळट, जुनी कडेला विटकरी. जुनीचा वास सुक्या अंजिराचा, ओल्या मातीचा. मात्र मुंबईच्या उकाड्यात बाटली आधी २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवाच, नाहीतर नुसता अल्कोहोल नाकात झोंबतो. गिरगावात माळ्यावर जपलेली माझी एक बाटली दोन उन्हाळ्यांत खराब झाली, अजून हळहळते.