एक चमचा म्हणजे नेमकं किती?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा तीन वर्षांचा, वजन १३ किलो, कालपासून ताप १०१-१०२, नाक गळतंय, रात्री खोकला. घरात तापाच्या औषधाची, म्हणजे पॅरासिटामॉलची, मागच्या वेळची बाटली आहे आणि मोठ्या मुलीसाठी आणलेलं सर्दी-खोकल्याचं सिरप आहे. दोन्ही "एकेक चमचा" दिलं तर चालेल का, आणि तेवढ्याने ताप उतरला नाही तर मध्ये आयबुप्रोफेन (तापाचंच दुसरं औषध) द्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. अठरा वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभा आहे. त्यामुळे मुलाला काय झालंय ते मी सांगणार नाही, बाटलीत काय आहे तेवढं सांगतो.

तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात खटकलेला शब्द 'चमचा'. पॅरासिटामॉल हे नीट वापरलं तर मुलांसाठी फार भरवशाचं औषध आहे. पण त्याचा डोस वजनावर काढायचा असतो: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, एका वेळी. तुमच्या मुलाला १३० ते १९५ मिलिग्रॅम. हा आकडा आधी कागदावर लिहा आणि मग बाटली हातात घ्या.

लेबलवर बारीक अक्षरात 'प्रत्येक ५ मिलिलिटरमध्ये पॅरासिटामॉल अमुक मिलिग्रॅम' असं लिहिलेलं असतं. ते १२० असेल तर ५ मि.ली.मधून त्याला गरजेपेक्षा थोडं कमीच जाईल. त्याचा डोस साधारण साडेपाच ते आठ मि.ली. बसतो. तिथे २५० लिहिलं असेल, तर तेच ५ मि.ली. जास्त झाले, त्याला अडीच ते पावणेचारच्या आसपास पुरेत. आणि बाटली ड्रॉप्सची असेल, तर त्यात बहुतेक वेळा एका मिलिलिटरमध्येच १०० मि.ग्रॅ. असतात. म्हणजे पाच मि.ली.मध्ये ५०० मिलिग्रॅम, जवळजवळ मोठ्या माणसाची गोळी! चमचा तोच, औषध चौपट.

लोकांचा इथेच घोळ होतो. ड्रॉप्स तान्ह्या बाळांसाठी असतात, म्हणून ते सौम्य असणार असं वाटतं. खरं नेमकं उलटं आहे. बाळाच्या तोंडात एका वेळी जास्त औषध जात नाही, म्हणून थोड्या थेंबांत भरपूर औषध बसवलेलं असतं.

माझ्या सख्ख्या बहिणीने हे केलंय, आणि तिचा भाऊ फार्मासिस्ट! भाची तेव्हा आठ महिन्यांची, वजन आठ किलो. आधीची सिरपची बाटली संपली, मेहुणे रात्री घाईत दुसरी घेऊन आले, ती निघाली ड्रॉप्सची. खोक्यातला ड्रॉपर बाजूला राहिला आणि बहिणीने सवयीने जुन्या बाटलीच्या झाकणावरचा कप घेऊन पाचच्या रेघेपर्यंत भरला. पाऊण वाजता तिचा फोन आला. "दादा, ही बाटली एका डोसमध्येच एवढी रिकामी कशी झाली?" पंधरा मि.ली.ची बाटली, तिसरा हिस्सा गायब. त्या एका प्रश्नाने वाचवलं. बालरोगतज्ज्ञांना लगेच फोन केला, त्यांनी वजनावरून हिशेब केला, पुढचे डोस थांबवायला सांगितले आणि सकाळी बाळाला तपासलं. काही झालं नाही. एकदाच दिलं म्हणून निभावलं. तोच कप दिवसातून चारदा, दोन-तीन दिवस भरला गेला असता तर मामला यकृतावर गेला असता.

तेव्हा घरातला चहाचा किंवा जेवणाचा चमचा विसरा. कुठल्याच दोन चमच्यांत सारखं मावत नाही. सुई नसलेली तोंडावाटे औषध द्यायची सिरिंज आणा, औषध आधी बाटली हलवून घ्या (सस्पेन्शन असेल तर औषध तळाशी बसलेलं असतं, न हलवता दिलं की पहिले डोस पांचट आणि शेवटचे कडक) आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. थेट घशात पिचकारी मारू नका. एका बाटलीचा कप किंवा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला कधीही लावू नका.

दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर हवं आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. घरात तुम्ही, नवरा आणि आजी असे तिघं औषध देणारे असाल तर फ्रिजवर कागद चिकटवा: किती वाजता, कोणतं, किती मि.ली. "मी आत्ताच दिलं होतं की!" हे वाक्य मी काउंटरवर किती वेळा ऐकलंय याला गणती नाही.

आता मोठीच्या सिरपबद्दल. ते देऊ नका. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ साली दोन वर्षांखालच्या मुलांना दुकानात सहज मिळणारी सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत असं सांगितलं, मग कंपन्यांनी स्वतःच लेबलवर चार वर्षांची मर्यादा घातली. ब्रिटनने २००९ मध्ये सहा वर्षांची रेघ ओढली. कारण सरळ आहे. लहान मुलांच्या सर्दीवर त्यांचा फायदा सिद्ध होत नाही, आणि छाती धडधडणं, गुंगी, चिडचिड हे त्रास मात्र होतात. 'खोकल्याचं' म्हणून घेतलेल्या बऱ्याच बाटल्यांत नाक सुकवणारं, ॲलर्जीचं आणि वर पॅरासिटामॉल असं तीन-चार औषधांचं कडबोळं असतं. वरचं नाव 'सर्दी'चं, आत तापाचं औषध. तुम्ही ठरवल्याप्रमाणे दोन्ही दिलं असतं, तर पॅरासिटामॉल कदाचित दोनदा गेलं असतं आणि पत्ताही लागला नसता. म्हणून ब्रँडचं नाव वाचू नका, घटक वाचा. परदेशातल्या बाटलीवर ॲसिटामिनोफेन दिसलं तर ते पॅरासिटामॉलच. आणि मूल शांत झोपावं म्हणून ॲलर्जीचं सिरप देणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. काही मुलं त्याने झोपायच्या ऐवजी रात्रभर उड्या मारतात.

मग खोकल्याला काय? तीन वर्षांच्या मुलाला झोपण्यापूर्वी अर्धा चमचा मध (इथे चमचा चालेल!). एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध चाटवायचा नाही, बोटुलिझमचा (जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा) धोका असतो. नाकात मिठाच्या पाण्याचे साधे सलाइन ड्रॉप्स, भरपूर पातळ पदार्थ, बस. मोठ्यांचे नाक मोकळं करणारे ड्रॉप्स नकोत. ते थोडेसे पोटात गेले तरी लहान मूल पार सुस्तावू शकतं. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफारा नको, त्याने भाजलेली पोरं पाहिली आहेत. कापूर असलेला बाम दोन वर्षांखाली नाही, आणि कधीच नाकपुड्यांत नाही. कापूर पोटात गेला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात, त्यामुळे बामची डबी उशाशी ठेवू नका.

आयबुप्रोफेन. त्याचा डोस दर किलोला ५ ते १० मि.ग्रॅ., सहा ते आठ तासांनी. मूल उलट्या-जुलाबांनी सुकलेलं असेल तर नको, मूत्रपिंडांवर ताण येतो. कांजिण्या असतील तर नको. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दोन्ही औषधं एकत्र तर नाहीच द्यायची. आलटून-पालटून देण्याचं मी सहसा सुचवत नाही, कारण रात्री तीन वाजता कुणालाच आठवत नाही की मघाशी कोणतं दिलं. एकच औषध, नीट डोसमध्ये. त्यानेही मूल तळमळत राहिलं किंवा पुढच्या डोसच्या आधीच परत अस्वस्थ झालं, तरच डॉक्टरांना विचारून दुसरं. आणि बाटलीत ही दोन्ही आधीच मिसळलेली नाहीत ना, तेही बघा.

शिवाय ताप उतरवायची एवढी घाई का? १०१ ताप असलेलं मूल खेळत असेल, पाणी पीत असेल तर औषध दिलंच पाहिजे असं नाही. औषध आकड्यासाठी नाही, मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं. तापात येणारे झटके या औषधांनी टळतात असा समज आहे, पण तसं दिसून आलेलं नाही.

ॲस्पिरिन १६ वर्षांखाली स्वतःच्या मनाने अजिबात नाही. फ्लू किंवा कांजिण्यांत ते दिल्यावर काही मुलांना राय सिंड्रोम होतो, ज्यात मेंदूला सूज येते आणि यकृत बिघडतं. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. राय यांनी १९६३ साली हा आजार नोंदवला. ॲस्पिरिनशी असलेला त्याचा संबंध पुढे कळला.

मागच्या वेळच्या बाटलीचं म्हणाल, तर लेबलवरची तारीख सीलबंद बाटलीची असते. कधी उघडली ते आठवत नसेल, तोंडाशी चिकट थर असेल किंवा लेबल पुसलं असेल तर टाकून द्या. नव्या बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा.

चुकून जास्त गेलंच, किंवा मुलाने स्वतः बाटली तोंडाला लावली, तर तो ठीक दिसतोय म्हणून थांबू नका. पॅरासिटामॉलचं हे फार वाईट आहे: पहिला दिवस मूल छान असतं आणि आत यकृताचं नुकसान सुरू असतं. त्यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत सगळ्यात चांगला लागू पडतो. उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

घरी न थांबण्यासारख्या गोष्टीही सांगतो: श्वास जोरात चालणं, बरगड्यांखाली खड्डे पडणं, मूल गळून जाणं किंवा नीट जागं न होणं, आठ-दहा तास लघवी न होणं, मान ताठ होणं, झटका येणं, दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे ठिपके. ताप तीन दिवसांच्या पुढे गेला तरी दाखवाच. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप आला तर घरी औषध देत बसायचंच नाही, ताबडतोब डॉक्टर.

तुमच्या बाटलीवर ५ मि.ली.मध्ये किती मि.ग्रॅ. आहे ते वाचून इथेच लिहा, मी हिशेब तपासून देतो. तोवर तो झोपला असेल तर औषधासाठी उठवू नका.